होरेस कवीचा संतोष

संतोष हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ज्याची पेढी भरभराटींत आहे तो आपल्या मुनिमास संतोषाचा महिमा सांगतो. ज्याचीं मुलें उत्तम शाळेंत शिकत आहेत तो गड्याच्या मुलास बापाचाच धंदा करण्यांत कसें सुख आहे हें पटवून देतो. आणि ऐकणारा मान डोलावून घरीं जातो, कारण उपदेश करणारापाशींच त्यास कांहीं मागावयाचें असतें. अशा प्रसंगीं जुन्या थोर पुरुषांचीं नांवें घेण्याची चाल आहे, आणि युरोपांतील जुनी विद्या ज्यांनीं थोडीबहुत पाहिली आहे ते या कामीं रोमन कवि होरेस यास साक्षीस बोलावितात. अल्पांत सुख मानावें, हांव धरूं नये, दोन्ही टोंकें सोडून मधल्या वाटेनें चालावें, असें त्यानें सांगितलें हें खरें. परंतु सांगणारा कोण होता, कोणत्या घरांत जन्मला, आणि तें सांगण्याची योग्यता त्यास कोणाच्या खटपटीनें आली, हें पाहिल्याशिवाय त्याची साक्ष काढणें म्हणजे अर्धा कागद वाचून दस्तऐवजावर सही करण्यासारखें आहे. म्हणून आज त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

क्विंटस होरेशियस फ्लॅकस हें त्याचें पूर्ण नांव. इ. स. पूर्व ६५ सालीं डिसेंबर महिन्याच्या ८ तारखेस दक्षिण इटलींतील व्हेनूशिया या गांवीं तो जन्मला. त्याचा बाप एके काळीं गुलाम होता व पुढें मुक्त झाला होता. रोमन लोकांचा एक गुण असा कीं, रीतसर मुक्त केलेल्या गुलामास ते नागरिकत्व देत. आणि अवगुण असा कीं, नागरिक झाल्यावरही तो पूर्वीं कोण होता हें विसरत नसत. मुक्त झालेल्या मनुष्यास मोठ्या अधिकाराच्या जागा बंद असत, आणि मुलगा जन्मतः स्वतंत्र असला तरी लोक त्यास बापाच्या नांवानें टोंचीत. होरेसच्या बापाचा धंदा लिलांवांत विकल्या गेलेल्या मालाचा पैसा वसूल करण्याचा होता. पुकारणारा एक, घेणारा दुसरा, आणि दोघांच्या मध्यें उभा राहून रक्कम गोळा करणारा तिसरा. बाजारपेठेंत ज्यांचा जन्म गेला त्यांस या तिसऱ्या मनुष्याची उपयुक्तता किती आणि त्याची पायरी कोणती हें सांगावयास नको. जोडीस थोडीशी हलकी जमीन होती. आईचा उल्लेख होरेसनें आपल्या ग्रंथांत कोठेंही केलेला नाहीं. बापाचें ऋण मात्र त्यानें इतक्या मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं, तशीं उदाहरणें प्राचीन वाङ्मयांत थोडींच सांपडतील.

गांवांत फ्लेव्हियस नांवाच्या मास्तरची शाळा होती. सैन्यांतील शतकाधिपतींचीं मुलें, म्हणजे त्या लहान गांवच्या मानानें बड्या घरचीं मुलें, पाटी-दप्तर खांद्यास अडकवून तेथें जात. लिलांवाच्या कारकुनाच्या मुलास ती शाळा मिळाली तरी पुष्कळ झालें, असें कोणीही म्हटलें असतें. बापास तें पुरेसें वाटलें नाहीं. त्यानें मुलास उचलून थेट रोम शहरीं नेलें, आणि सरदार-सावकारांचीं मुलें जें शिक्षण घेत तेंच त्यास देवविलें. कपडे असे दिले, बरोबर नोकर असे दिले, कीं पाहणारास हा वडिलोपार्जित संपत्तीवर वाढलेला मुलगा वाटावा. श्रीमंतांच्या घरीं मुलास शाळेंत पोंचविण्याचें व त्याच्यावर नजर ठेवण्याचें काम एखाद्या गुलामाकडे असे. येथें तें काम बापानें स्वतः पतकरलें, आणि एका गुरूच्या दारांतून दुसऱ्या गुरूच्या दारीं तो मुलाबरोबर हिंडला. त्या गुरूंपैकीं ऑर्बिलियस हा एक होय. लॅटिन भाषेंतील जुनें काव्य तो छडीच्या जोरावर शिकवी. आज दोन हजार वर्षांनंतर त्याची आठवण राहिली आहे ती विद्वत्तेबद्दल नव्हे, मारकुटेपणाबद्दल. शिक्षकवर्गानें याचा विचार करावा.

शाळेबाहेरचें शिक्षण बापाच्या हातीं होतें आणि त्याची तऱ्हा साधी होती. तत्त्वज्ञान त्यास ठाऊक नव्हतें. रस्त्यानें जातांना तो मुलास माणसें दाखवी. अमक्यानें वडिलांची मिळकत कशी उडविली व आतां त्याची दशा काय आहे, तमका परस्त्रीच्या नादीं लागून कसा पकडला गेला, आणि उलट अमुक गृहस्थ न्यायासनावर बसण्यास योग्य कां समजला जातो, हें तो नांवानिशीं सांगे. कारणमीमांसा पुढें पंडित करतील. आपण मुलाचें शील आणि लौकिक सांभाळला म्हणजे झालें, अशी त्याची समजूत होती. पुढें होरेसनें मनुष्याच्या वेडेपणावर जें काव्य लिहिलें त्याची रीत हीच आहे. दुर्गुणाचें लक्षण तो सांगत बसत नाहीं. दुर्गुणी मनुष्य समोर आणून उभा करितो.

आतां संतोषाचे उपदेशक या बापास काय म्हणतील? त्यांच्या मापानें तो असंतुष्टच ठरेल. त्यानें आपल्या पायरीवर मुलास ठेविलें नाहीं. ऐपतीबाहेर खर्च केला. ज्यांच्या पंक्तीस बसण्याचा आपणांस अधिकार नाहीं असें समाज म्हणत होता त्यांच्या मुलांशेजारीं आपल्या मुलास बसविलें. परंतु होरेस आणखी एक गोष्ट सांगतो. एवढें करूनही मुलगा अखेर बापासारखाच लिलांवाचा कारकून झाला असता तरी बापास त्याची लाज वाटली नसती, आणि मुलानेंही कुरकूर केली नसती. म्हणजे त्या मनुष्यास हांव नव्हती, आणि आहे तेथेंच बसून राहण्याची तयारीही नव्हती. या दोहोंतील अंतर ज्यास दिसत नाहीं त्यानें होरेसचें नांव घेऊं नये हें बरें.

रोममधील अभ्यास संपल्यावर तो अथेन्सला तत्त्वज्ञान शिकावयास गेला. तेथें असतांना इ. स. पूर्व ४४ च्या मार्च महिन्यांत ज्यूलियस सीझरचा खून झाला आणि ब्रूटस त्या शहरीं आला. तरुण विद्यार्थ्यांचीं डोकीं स्वातंत्र्याच्या शब्दानें लवकर तापतात; होरेसनें पुस्तकें बाजूस ठेवून त्याचा पक्ष धरिला. ब्रूटसनें त्यास सैन्यांत ट्रिब्यून नेमलें आणि मुक्त गुलामाचा मुलगा रोमन लीजनवर हुकूम चालवूं लागला. हें पुष्कळांच्या डोळ्यांत खुपलें. इ. स. पूर्व ४२ सालीं फिलिपी येथें ब्रूटसचा पराभव झाला तेव्हां होरेस बावीस वर्षांचा होता. आपण ढाल टाकून पळालों असें त्यानें पुढें स्वतःच हंसत हंसत लिहून ठेविलें आहे. जुन्या ग्रीक कवींनींही आपल्या ढालीविषयीं असेंच लिहिलें होतें, तेव्हां यांत खरें किती आणि काव्याची परंपरा किती हा वाद आहे. तथापि पराभवाचा पोवाडा न करितां त्याची थट्टा करण्याचा हा स्वभाव त्याचा स्वतःचा होय.

विजयी पक्षानें क्षमा केली तेव्हां तो इटलीस परतला. बापाचें घर व जमीन हातचीं गेलीं होतीं. शिपायांस बक्षीस देण्याकरितां जमिनी जप्त करण्याचा तो काळ होता आणि व्हेनूशियाही त्यांतून सुटलें नव्हतें. होरेसनें सरकारी खजिन्यांत कारकुनाची जागा विकत घेतली. तेव्हां अशा जागा विकत मिळत. हा खजिना शनिदेवाच्या मंदिरांत असे, आणि तेथें हिशेबाच्या वह्यांशीं दिवस घालवून उरल्या वेळांत तो कविता करूं लागला. दारिद्र्यानें आपणांस कवि केलें असें तो म्हणतो.

व्हर्जिल आणि व्हेरियस या दोन कवींनीं त्याची ओळख मीसीनसशीं करून दिली. मीसीनस हा पुढें ऑगस्टस या नांवानें रोमचा सर्वसत्ताधीश झालेल्या पुरुषाचा विश्वासू सल्लागार, जुन्या इट्रुस्कन राजघराण्याचा वंशज, संपत्ति अपार. भेटीच्या वेळीं होरेसच्या तोंडांतून धड शब्द निघेना. मात्र आपण कुलीन बापाचे पुत्र नाहीं, कीं आपल्या वाड्या-वतनांतून घोड्यावर बसून फिरणारेही नाहीं, हें त्यानें अडखळत कां होईना, पण पहिल्या भेटींतच सांगितलें. मीसीनसनें दोन शब्दांत उत्तर दिलें व निरोप दिला. नऊ महिन्यांनंतर त्यानें पुन्हां बोलावणें पाठविलें आणि आपल्या मित्रमंडळांत घेतलें. हें इ. स. पूर्व ३८ च्या सुमारास घडलें. तेव्हांपासून गांवांत बोलणें सुरू झालें कीं, पाहा, मुक्त गुलामाचा पोर कोठें जाऊन बसला! होरेसनें या बोलण्यास उत्तर दिलें तें सबंध काव्यानें दिलें, आणि तें मीसीनसलाच उद्देशून लिहिलें. त्याचा आशय असा कीं, हा मान मला नशिबानें मिळाला नाहीं. माझें चारित्र्य कांहीं बरें असेल तर त्याचें कारण माझा बाप आहे. आणि पुन्हां जन्म घेऊन हवे ते आईबाप निवडण्याची मुभा मिळाली तरी मी दुसरे निवडणार नाहीं. सत्तेच्या दारांत शिरल्यावर ज्यांस आपल्या गांवचें नांव आठवेनासें होतें अशा गृहस्थांच्या तुलनेनें आम्हांस हा मनुष्य फार उंच दिसतो.

मनुष्याच्या दोषांवरील त्याच्या काव्याचीं दोन पुस्तकें सुमारें इ. स. पूर्व ३५ व ३० या सालीं बाहेर पडलीं. पहिल्यांत दहा व दुसऱ्यांत आठ प्रकरणें आहेत. त्यांस तो संभाषणें म्हणे, आणि भाषाही तशीच घरगुती आहे. पहिल्याच प्रकरणांत त्यानें विचारलें आहे कीं, कोणीही मनुष्य आपल्या स्थितींत समाधानी कां नसतो. शिपायास व्यापारी सुखी वाटतो, वादळांत सांपडलेल्या व्यापाऱ्यास शिपाई सुखी वाटतो, वकिलास शेतकरी व शेतकऱ्यास शहरवासी. पण उद्यांपासून खरोखरच अदलाबदल करा म्हटलें तर सगळे मागें सरतील. पैसा मोजावयास वेळ पुरेना म्हणून मापानें मापणारा आणि तरीही उपासमारीच्या भीतीनें गुलामासारखा पोशाख करणारा कृपण तेथेंच भेटतो. लोक आपली छी-थू करितात पण घरीं पेटी उघडून आपण स्वतःची वाहवा करितों, असें म्हणणारा अथेन्सचा धनिकही तेथेंच आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस दोन पात्रें विशेष आवडतील. पहिला आल्फियस सावकार. एका कवितेंत खेड्यांतील जीवनाचें इतकें रसाळ वर्णन आहे, वडिलोपार्जित शेत, स्वतःचे बैल, झाडाखालची झोंप, कर्जाची चिंता नाहीं, कीं वाचणाराचें मन विरघळतें. शेवटीं कळतें कीं हें बोलणारा आल्फियस आहे. शेतकरी होण्याच्या निश्चयानें त्यानें महिन्याच्या मध्यावर आपली सारी बाकी वसूल केली, आणि पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेस ती पुन्हां व्याजानें लावण्याच्या खटपटीस तो लागला. दुसरा व्होल्टियस मेना, लिलांव पुकारणारा. थोडक्यांत भागविणारा, काम झालें कीं मित्रांत रमणारा, आपल्या जागीं सुखी. फिलिपस नांवाच्या नामांकित वकिलानें त्यास न्हाव्याच्या दुकानांत निवांत नखें साफ करीत बसलेला पाहिला, आणि मौजेखातर त्यास जेवावयास बोलाविलें, खेड्यांत फिरावयास नेलें, सात हजार सेस्टर्स बक्षीस व सात हजार कर्जाऊ देऊन शेत घ्यावयास लाविलें. पुढें मेंढ्या चोरीस गेल्या, शेळ्या रोगानें मेल्या, पीक बुडालें, नांगरतां नांगरतां बैल गेला. एके मध्यरात्रीं घोड्यावर बसून, दाढी वाढलेला व्होल्टियस वकिलाच्या दारीं आला आणि मला माझी पूर्वीची स्थिति परत द्या म्हणून विनवूं लागला. श्रीमंताच्या करमणुकीचा खर्च गरिबाच्या खात्यावर कसा पडतो याचें इतकें नेमकें चित्र आम्हांस दुसरीकडे आढळलें नाहीं.

आणि ज्याचा संतोष खरा, असा एकजण होरेसनें आपल्या गांवाकडचा निवडला आहे. ओफेलस हा शेतकरी. त्याची जमीन जप्त होऊन एका शिपायास मिळाली; तीच जमीन तो आतां कूळ म्हणून कसतो. मुलांस तो सांगतो कीं, मालक असतांनाही आपण साधीच भाजी खात होतों, म्हणून आज ताटांत फारसा फरक पडला नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ओफेलसचें धैर्य दाखवितांना होरेसनें जप्ती न्याय्य होती असें म्हटलेलें नाहीं. नवा मालकही आपल्या दुर्गुणानें किंवा कायद्याच्या फेऱ्यांनीं एक दिवस हांकलला जाईल, असें तो ओफेलसच्या तोंडून वदवितो. ज्याची स्वतःची जमीन तशीच गेली होती त्याच्या लेखणींतून हें आलें आहे.

होरेसच्या स्वतःच्या वाट्यास मात्र पुढें सुख आलें. इ. स. पूर्व ३३ च्या सुमारास मीसीनसनें त्यास सॅबाइन डोंगरांत, रोमपासून सुमारें ३० मैलांवर, एक शेतवाडी दिली. थोडी जमीन, घराजवळ वाहतें पाणी, वर थोडें रान, यापलीकडे आपलें कांहीं मागणें नव्हतें असें तो लिहितो. लिचेन्झा गांवाजवळ १९११ सालापासून खणून काढलेलें घर तें हेंच असें परंपरेनें मानतात. पण ही वाडी अगदींच लहान नव्हती. पांच कुळें तिच्यावर होतीं, आणि राबावयास आठ गुलाम होते.

हा आकडा आम्हीं मुद्दाम दिला. डिसेंबरांतील शनीच्या सणांत रोममध्यें गुलामांस मोकळेपणानें बोलण्याची मुभा असे. होरेसच्या एका प्रकरणांत त्याचा डेव्हस नांवाचा गुलाम या सवलतीचा लाभ घेऊन धन्यास खडसावतो. शहरांत असलास कीं खेड्याचे गोडवे गातोस आणि खेड्यांत गेलास कीं शहरासाठीं झुरतोस. साधें जेवण बरें म्हणतोस आणि मीसीनसचें आमंत्रण येतांच दिव्याच्या तेलासाठीं आरडाओरड करून धांवत सुटतोस. वासनेची दोरी ओढली जाईल तसा नाचणारा तूं, मग गुलाम कोण, तूं कीं मी? कवीनें स्वतःवर एवढा कोरडा ओढावा हें मोठेपणाचें खरें. परंतु प्रकरण संपतें कसें? धनी दगड शोधूं लागतो, बाण शोधूं लागतो, आणि येथून चालता हो, नाहीं तर सॅबाइन वाडीवर नववा मजूर म्हणून पाठवीन, अशी धमकी देतो. वाचक हंसतो. आम्हीही हंसलों; पण ती धमकी रोममधील कोणत्याही घरांत खरी होती. गुलामगिरीचें दुःख ज्याच्या बापानें भोगिलें त्या होरेसनें गुलामगिरी असूं नये असें एक अक्षर लिहिलें नाहीं. मनाची गुलामी ही खरी गुलामी, असें म्हणून शरीराच्या गुलामीस बगल देणारे तत्त्वज्ञ त्या काळीं पुष्कळ होते. हा त्यांच्याहून पुढें गेला नाहीं. त्याच्या सद्गुणांविषयीं आदर बाळगूनही हें लिहिल्याशिवाय आमच्यानें राहवत नाहीं. वृद्ध स्त्रियांची घाणेरडी हेटाळणी करणाऱ्या त्याच्या कांहीं रचनांविषयींही आम्ही हेंच म्हणूं.

राजसत्तेपुढें त्याचें वर्तन मिश्र आहे. ज्या पक्षाविरुद्ध तो लढला त्याच्याच नायकाची त्यानें पुढें स्तुति केली, आणि कोठें कोठें ती स्तुति मनुष्यास शोभेल त्याहून अधिक आहे. पण ऑगस्टसनें त्यास आपलीं खासगी पत्रें लिहिण्याच्या कामावर बोलाविलें तेव्हां त्यानें नकार दिला. जगांतील सर्वांत बलाढ्य पुरुषाच्या शेजारची ती जागा. एकेका शिफारशीवर वाडे उभे राहिले असते. नकार ऐकून ऑगस्टस रागावला नाहीं, ही गोष्ट त्याच्याही लौकिकाची आहे. मीसीनसशींही प्रसंग आलाच. पांच दिवस म्हणून खेड्यांत गेलेला होरेस सबंध ऑगस्ट महिना परतला नाहीं, आणि आश्रयदात्याची तक्रार आली. उत्तरांत त्यानें तापाच्या साथीचें भय सांगितलें, हिंवाळाही बाहेरच काढीन असें सांगितलें, आणि पुढें सौम्य पण स्पष्ट शब्दांत कळविलें कीं, दिलेल्या देणग्यांच्या बदल्यांत माझें स्वातंत्र्य हवें असेल तर सर्व देणग्या परत घ्याव्या. व्होल्टियस मेनाची हकीकत त्यानें घातली आहे ती याच पत्रांत. संतोषाचा उपयोग काय, असें कोणी विचारल्यास आम्ही हें पत्र दाखवूं. ज्याची गरज थोडी त्यालाच असें पत्र लिहितां येतें. मैत्री तुटली नाहीं हेंही सांगितलें पाहिजे.

ज्यांच्यामुळें त्याचें नांव अजरामर झालें तीं गीतें, तीन पुस्तकें मिळून ८८, इ. स. पूर्व २३ सालीं प्रसिद्ध झालीं. आरंभीं त्यांचें स्वागत थंडपणें झालें. त्यानें मग पद्यमय पत्रें लिहिलीं, आणि त्यांतील एकांत आपलें वर्णनही करून ठेविलें: ठेंगणा, अकालीं केंस पिकलेला, उन्हाचा शोकी, लवकर तापणारा व लवकर निवणारा. ऑगस्टस त्याच्या वाटोळ्या देहाची थट्टा करी. इ. स. पूर्व १७ सालीं रोममध्यें शतकोत्सव झाला तेव्हां २७ मुलगे व २७ मुली यांनीं गावयाचें स्तोत्र रचण्याचें काम त्याच्याकडे आलें. या उत्सवाचा शिलालेख १८९० सालीं टायबर नदीच्या कांठीं सांपडला, आणि स्तोत्र क्विंटस होरेशियस फ्लॅकस यानें रचलें ही नोंद त्यांत आहे. बाप कोण होता याचा उल्लेख त्या ओळींत नाहीं.

इ. स. पूर्व ८ सालीं मीसीनस वारला. होरेसला माझ्याप्रमाणेंच सांभाळा, असें त्यानें मरतांना ऑगस्टसला कळविलें होतें. सांभाळण्यास फारसा अवधि मिळाला नाहीं. त्याच सालीं नोव्हेंबरच्या २७ तारखेस, वयाच्या ५७ व्या वर्षीं, होरेसनें प्राण सोडला. बायको-मुलें नव्हतीं. दुखणें इतकें अचानक बळावलें कीं मृत्युपत्रावर मुद्रा उमटविण्यासही वेळ राहिला नाहीं. ऑगस्टस आपला वारस असें त्यानें तोंडीं सांगितलें. एस्क्विलीन टेंकडीच्या कडेस मीसीनसच्या थडग्याशेजारीं त्यास पुरण्यांत आलें. त्या टेंकडीवर पूर्वीं रोममधील गुलामांचीं व कंगालांचीं प्रेतें टाकीत असत. मीसीनसनें ती जागा भरून काढून तेथें बाग केली होती, आणि आतां तेथें लोक उन्हांत फिरावयास येतात असें होरेसनें तरुणपणींच लिहून ठेविलें होतें.